‘सिंचनास योग्य’ पाणी : पण कोणत्या मापाने?

तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनांत एक प्रतिकृती वारंवार पाहायला मिळते. एका बाजूला पुठ्ठ्याचा साखर कारखाना, त्याचे सांडपाणी साठवणारी टाकी, टाकीला जोडलेल्या सलाईनच्या नळ्या आणि त्या नळ्यांखाली ओळीने लावलेली रोपे. शेजारच्या तक्त्यावर तीन फायदे लिहिलेले असतात : नदीचे प्रदूषण टळते, पिकाला पाणी मिळते आणि पाण्यातील अन्नद्रव्यांमुळे खताची बचत होते. अशीच मांडणी वर्तमानपत्रांतील लेखांत आणि माहितीपत्रकांतही असते. तिथे एक वाक्य हमखास येते : ‘प्रक्रिया केलेले हे पाणी सिंचनास योग्य आहे.’

या वाक्याची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचे पाणी नदीत न सोडता शेतात वापरावे, ही कल्पना मुळात वाईट नाही. ठिबक सिंचनाने ते द्यावे, यालाही काही चांगली कारणे आहेत. पाणी पानांवर व फळांवर उडत नाही, माणसांचा त्याच्याशी संपर्क कमी येतो आणि थोडे थोडे पाणी मिळाल्याने मातीतील जीवाणूंना त्यातील सेंद्रिय पदार्थ पचवायला अवधी मिळतो. अडचण आहे ती ‘योग्य’ या शब्दात. योग्यता ही एकट्या पाण्याच्या अंगी नसते. ते पाणी कशातून जाणार, कोणत्या मातीत मुरणार आणि तिथे किती वर्षे मुरत राहणार, यावर ती ठरते. साखर कारखान्याचे उदाहरण घेऊन हे पाहू.

पाणी आहे तरी किती?

साखर कारखान्यांच्या सांडपाण्याबाबत केंद्र सरकारने 2016 साली सुधारित मानके लागू केली. त्यांनुसार एक टन ऊस गाळताना जास्तीत जास्त 200 लिटर सांडपाणी बाहेर सोडता येते. दिवसाला 5,000 टन ऊस गाळणारा कारखाना धरला, तर हे पाणी दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे 1,000 घनमीटर होते. आकडा मोठा वाटतो. पण ठिबकवरील उसाला दिवसाला सरासरी चार मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर एका हेक्टरला रोज 40 घनमीटर लागतात. म्हणजे कारखान्याच्या सगळ्या सांडपाण्यात भिजणार 25 हेक्टर.

आता याच कारखान्याला 150 दिवसांच्या गळीत हंगामात साडेसात लाख टन ऊस लागतो. हेक्टरी उत्पादन 100 टन धरले तरी त्यासाठी 7,500 हेक्टर ऊस हवा. सांडपाण्याने त्यातला तीनशेवा भाग भिजेल. शिवाय हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. पाण्याची खरी ओढ लागते ती त्यानंतर, एप्रिल-मेमध्ये. तेव्हा कारखाना बंद असतो.

एवढ्या साध्या गुणाकार-भागाकाराने एक गोष्ट स्पष्ट होते. ही योजना पाणीटंचाईवरचा उपाय नाही, ती सांडपाण्याची विल्हेवाट लावण्याची योजना आहे. विल्हेवाट लावणे हेही आवश्यक काम आहे. पण मग प्रश्न बदलतो. शेतकऱ्याला पाणी मिळते की कारखान्याला जमीन मिळते, असे विचारावे लागते.

नदीचे माप

सांडपाण्याविषयी बोलताना सर्वांत आधी बी.ओ.डी.चा, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीचा आकडा दिला जातो. पाण्यातील सेंद्रिय पदार्थ पचवताना जीवाणू एका लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात, ते हा आकडा सांगतो. ब्रिटनमध्ये 1898 साली नेमलेल्या सांडपाणीविषयक शाही आयोगामुळे हे माप रूढ झाले. आयोगाच्या 1912 सालच्या अहवालाने नदीत सोडायच्या पाण्यासाठी बी.ओ.डी. 20 आणि तरंगते घनकण 30 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. नदीत त्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल, असे त्यात गृहीत होते. तिथे ही चाचणी पाच दिवसांची होती. आपल्याकडे हवा उष्ण असल्याने ती 27 अंश सेल्सियसला तीन दिवसांची करतात.

माशांना लागणारा ऑक्सिजन संपेल का, हा नदीचा प्रश्न आहे आणि बी.ओ.डी. त्याचे नेमके उत्तर देतो. जमिनीची गोष्ट वेगळी. मातीच्या छिद्रांतून हवा सतत खेळत असते, जीवाणू विपुल असतात, त्यामुळे जमीन नदीपेक्षा पुष्कळ अधिक सेंद्रिय भार पचवते. म्हणून कायद्यानेही जमिनीसाठी सवलत दिली आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा बी.ओ.डी. 30 पेक्षा अधिक नसावा, तर सिंचनासाठी जमिनीवर सोडताना तो 100 पर्यंत चालतो. तरंगत्या घनकणांची मर्यादा नदीसाठी 100, तर जमिनीसाठी 200 आहे. साखर कारखान्यांसाठी 2016 साली घनकणांची ही मर्यादा अधिक कडक करून नदीसाठी 30 आणि जमिनीसाठी 100 केली गेली.

पाणी पाटाने किंवा सरीने द्यायचे असेल, तर या सवलतीमागचा तर्क बरोबर आहे. पण ती मातीच्या भरवशावर दिलेली आहे, आणि ठिबक संचात पाणी मातीपर्यंत पोचण्याआधी ड्रिपर येतो.

ड्रिपरचे माप

इस्राएलमधील सिमखा ब्लास यांच्या कल्पनेवर आधारलेले ड्रिपर 1960 च्या दशकाच्या मध्यापासून व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले. तासाला दोन ते आठ लिटर इतकाच प्रवाह बाहेर पडावा म्हणून त्यात पाण्याला लांब आणि वळणावळणाच्या वाटेने जावे लागते. ही वाट साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद असते. पाणी वाचवणारी ही अरुंद वाटच त्याला चोंदण्याचा धोका आणते.

कोणत्या पाण्याने ड्रिपर किती चोंदतो, याचे वर्गीकरण बक्स, नाकायामा आणि गिल्बर्ट या अमेरिकी संशोधकांनी 1979 साली मांडले आणि ते आजही वापरले जाते. तरंगते घनकण लिटरला 50 मिलिग्रॅमच्या आत असतील तर धोका कमी, 50 ते 100 असतील तर मध्यम आणि 100 च्या वर तीव्र. एका मिलिलिटरमध्ये 10,000 पेक्षा कमी जीवाणू असतील तर धोका कमी आणि 50,000 च्या वर तीव्र. विरघळलेले लोह दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, हायड्रोजन सल्फाइड दोन मिलिग्रॅमच्या वर गेला किंवा सामू आठाच्या वर गेला, तरी धोका तीव्रच.

आता हे आकडे कायद्याच्या आकड्यांशेजारी ठेवा. सर्वसाधारण मानकाने जे पाणी ‘जमिनीवर सोडण्यास योग्य’ ठरते, त्यात तीव्र धोक्याच्या मर्यादेच्या दुप्पट घनकण असू शकतात. साखर कारखान्याचे कडक मानक पाळले, तरी पाणी त्या मर्यादेच्या उंबरठ्यावर असते. म्हणजे कारखान्याने कायदा पुरेपूर पाळला तरी शेतकऱ्याचा संच बंद पडू शकतो. इथे लबाडी कोणाचीच नाही. एका कामासाठी केलेले माप दुसऱ्या कामाला लावले गेले आहे.

घनकण 200 मिलिग्रॅम असतील, तर 40 घनमीटर पाण्याबरोबर एका हेक्टरच्या संचात रोज आठ किलो कोरा गाळ येतो. 100 असतील तर चार किलो. ओला गाळ याच्या कितीतरी पट भरेल. यावर ‘फिल्टर बसवावा’ असे उत्तर दिले जाते. ते अर्धे बरोबर आहे. वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर लावला, तर साधारण 130 मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडतात. मात्र एवढ्या गाळामुळे फिल्टर दिवसातून अनेकदा उलटा धुवावा लागतो, आणि त्या धुण्याचे पाणी कुठे सोडायचे हा नवा प्रश्न उभा राहतो.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे. विरघळलेली साखर कोणत्याही जाळीत अडकत नाही. जीवाणूही साधारण एक मायक्रॉनचे असतात, तेही पार जातात. पुढे काळी नळी उन्हात तापलेली, पाण्याचा वेग मंद आणि दोन पाळ्यांमध्ये पाणी तसेच साचलेले. त्यात बी.ओ.डी. 100, म्हणजे जीवाणूंसाठी अन्न वाढून ठेवलेले. ते नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थरात बारीक माती अडकून ड्रिपर बंद होतो. फिल्टर पाण्यात आधीपासून असलेले कण अडवतो. त्याच्या पुढे जे वाढते, त्यावर त्याचा इलाज चालत नाही.

त्यासाठी क्लोरिन प्रक्रिया करतात. तिथेही रसायनशास्त्राचा हिशेब आहे. क्लोरिन आधी पाण्यातील सेंद्रिय पदार्थांवर खर्च होतो आणि उरलेला जीवाणूंच्या वाट्याला येतो. पाणी जितके सेंद्रिय, तितका क्लोरिन जास्त लागतो. सामू वाढला की हायपोक्लोरस आम्लाचे प्रमाण घटते आणि परिणामही घटतो. (क्लोरिन आणि आम्ल एकाच टाकीत कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो. वर्गात हा विषय निघाला तर ही सूचना अवश्य द्यावी.) हा सगळा खर्च ‘फुकट पाण्या’च्या हिशेबात क्वचितच मांडलेला दिसतो.

मातीचे माप

समजा, पाणी उत्तम गाळले आणि ड्रिपर चालू राहिले. आता प्रश्न जमिनीचा. तिला बी.ओ.डी.ची फारशी भीती नाही हे आपण पाहिले. तिला भीती आहे ती क्षारांची. सेंद्रिय पदार्थ कुजून हवेत जातात, पाणी पीक घेते, बाकीचे उडून जाते. क्षारांतला थोडा भाग पीक उचलते, उरलेले जागेवरच राहतात.

साखर कारखान्याच्या मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 2,100 मिलिग्रॅम आहे. अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनपाण्याविषयीच्या, 1985 साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत 450 पर्यंत निर्धोक, 450 ते 2,000 ला सौम्य ते मध्यम निर्बंध आणि 2,000 च्या वर कडक निर्बंध सांगितले आहेत. मर्यादेइतके क्षार असलेले पाणी 150 दिवस रोज 40 घनमीटर दिले, तर एका हंगामात हेक्टरी 12.6 टन क्षार जमिनीत येतात. सर्वच पाणी इतके खारट असते असे नव्हे. पण मर्यादेच्या आत राहूनही काय घडू शकते, ते या आकड्यावरून कळते.

ठिबकमध्ये हे क्षार सगळीकडे सारखे पसरत नाहीत. ड्रिपरखाली ओलाव्याचा कांद्याच्या आकाराचा भाग तयार होतो आणि क्षार त्याच्या कडेला ढकलले जातात. मुळे आतल्या भागात असल्याने पीक काही काळ छान दिसते. वळवाचा पहिला हलका पाऊस पडला की कडेचे क्षार विरघळून मुळांकडे येतात. म्हणून अशा वेळी पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवावे, असा सल्ला देतात. वरवर तो चमत्कारिक वाटतो, पण त्यामागे हे कारण आहे.

सगळे क्षार सारखेही नसतात. साखर कारखान्यात बाष्पनपात्रांच्या नळ्यांतील खवले काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. दुग्धालयांत आणि द्राक्षमद्याच्या कारखान्यांतही धुण्यासाठी तो वापरला जातो. त्यातून सोडियम येतो. आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे कॅल्शियममुळे एकत्र राहतात. त्याची जागा सोडियमने घेतली की पापुद्रे सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना क्षारपड आणि चोपण या शब्दांचा अर्थ सांगायला नको. तिथले मुख्य कारण अतिपाणी आणि अपुरा निचरा हे असले, तरी जमीन बिघडायला काही वर्षे पुरतात आणि सुधारायला फार वेळ व पैसा लागतो, हा धडा तोच आहे.

बी.ओ.डी.ला हे काहीच दिसत नाही. मळीपासून मद्यार्क बनवणाऱ्या आसवनीचे उदाहरण पाहा. एक लिटर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो आणि त्याचा बी.ओ.डी. 40,000 च्या पुढे असतो. बायोगॅस संयंत्रातून नेल्यावर तो 80 ते 90 टक्के कमी होतो. अहवालात ही मोठी सुधारणा दिसते. पण त्यातील पालाश जवळपास तेवढाच राहतो.

ब्राझीलचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे 1975 साली उसापासून मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1978 साली असे पाणी नदीनाल्यांत सोडण्यावर बंदी आली आणि ते उसाच्या शेतांत पसरले जाऊ लागले. साओ पावलो राज्याच्या पर्यावरण यंत्रणेने 2005 साली त्याची मात्रा ठरवण्याचा नियम केला. त्याचा आधार बी.ओ.डी. नाही, मातीतला पालाश आहे. मातीच्या धनायन विनिमय क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत पालाश पोचला, की त्यापुढे पीक जेवढा उचलेल तेवढाच द्यायचा; उसाच्या एका कापणीला हेक्टरी 185 किलो. म्हणजे प्रत्येक शेताची मात्रा वेगळी आणि माती तपासल्याशिवाय ती ठरतच नाही. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा भर आसवनीचे पाणी कारखान्याबाहेर जाऊच नये यावर राहिला आहे. ब्राझीलची पद्धत जशीच्या तशी उचलावी असे नाही. पण मातीचा प्रश्न मातीच्या मापाने मोजावा, हे तिथून घेण्यासारखे आहे.

इस्राएलचा दाखला

या विषयावरच्या लेखांत इस्राएलचे नाव येतेच. तो देश शहरी सांडपाण्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक पाणी शेतीत वापरतो, हे खरे. पण ते घराघरांतले पाणी आहे, प्रक्रिया उद्योगाचे नव्हे. तिथे 2010 साली झालेल्या नियमांत निर्बंधाविना सिंचनासाठी बी.ओ.डी. 10 आणि घनकण 10 मिलिग्रॅम ही सरासरी मर्यादा आहे. त्याच यादीत सोडियम 150, क्लोराइड 250, बोरॉन 0.4 आणि सोडियम शोषण गुणोत्तर 5 अशाही मर्यादा आहेत. नदीचे, ड्रिपरचे आणि मातीचे अशी तिन्ही मापे एकाच कागदावर आलेली आहेत. इस्राएलचे उदाहरण द्यायचे, तर ड्रिपरबरोबर हा कागदही द्यायला हवा.

वर्गात काय करता येईल

कारखान्याचे सांडपाणी वर्गात आणू नये. त्याची गरजही नाही. एका लिटर पाण्यात सुमारे 150 मिलिग्रॅम साखर घातली, तर बी.ओ.डी. साधारण 100 च्या जवळपास होतो. दहा लिटरच्या बादलीत हे दीड ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. या पाण्याला गोडीही लागत नाही. दोन बादल्या घ्या, दोन्हींत तळ्याचे थोडे पाणी जीवाणूंसाठी मिसळा, एकीतच साखर घाला. दोन्हींना सारखे, नवे ड्रिपर लावा आणि 100 मिलिलिटरचे भांडे भरायला किती वेळ लागतो ते रोज त्याच वेळी मोजा. प्रत्येकी एकच ड्रिपर न घेता चार-पाच घ्यावेत. नाहीतर एखाद्या ड्रिपरच्या दोषाचे खापर साखरेवर फुटेल. महिनाभराचा आलेख विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा. फरक केव्हा पडतो, हे आधी सांगू नये.

दुसरा प्रयोग मातीचा. दोन नरसाळ्यांत चाळलेली काळी माती सारखी भरा. एकीवर साधे पाणी आणि दुसरीवर लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घातलेले पाणी दोन-तीन वेळा ओता. मग दोन्हींवर साधे पाणी ओतून ते खाली उतरायला लागणारा वेळ आणि खालच्या पाण्याचा गढूळपणा पाहा. सोड्याच्या मातीवर पुढे जिप्समचे पाणी दिले तर काय होते, हेही पाहता येईल.

या दोन प्रयोगांनंतर विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : एखादा आकडा कोणी, कशासाठी मोजला? बी.ओ.डी. चुकीचा नाही, तो नदीच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण ठिबक संच त्याचा, जमीन त्याची आणि दहा वर्षांनी चोपण झालेली जमीन सुधारण्याचा खर्चही त्याचाच. सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा लाभ मात्र कारखान्याला आज मिळतो.

म्हणून ‘सिंचनास योग्य’ असे लिहिलेले पत्रक हाती आले, तर बी.ओ.डी.च्या ओळीपाशी थांबू नये. घनकण 50 च्या आत आहेत का, एकूण क्षार किती, सोडियम आणि पालाश किती, ज्या जमिनीत पाणी जाणार तिची तपासणी सुरुवातीला झाली का आणि दरवर्षी होणार का, फिल्टरचा व क्लोरिनचा खर्च कोण देणार, अधूनमधून साधे पाणी देण्याची सोय आहे का, हे विचारावे. ग्रामीण भागातल्या आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे पालक सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. हे प्रश्न वार्षिक सभेत मांडण्याचा त्यांना हक्क आहे. त्या प्रश्नांची यादी वर्गात तयार झाली, तर विज्ञानाच्या तासाचा तो उत्तम उपयोग होईल.